चौथ्यांदा विचारू नये

"तुझी नाळ कुणी कापली रे?" अन्वरने विचारलं. "आणि कापायच्या आधी तुझी संमती घेतली होती का?"

पराग टिपणीस मनापासून हसला. दर रविवारी डॉक्टर अन्वर मुजावर त्याच्याकडे जेवायला यायचा आणि ताटं वाढली जाईपर्यंत दोघांचं असं जुंपायचं. कॉलेजात वादविवाद स्पर्धेत एकमेकांसमोर उभे राहिले तेव्हापासूनची ही खोड. आता दोघांनी साठी ओलांडली होती, एकाचे केस गेले होते, दुसऱ्याचे दात, पण खोड काही गेली नव्हती.

"लहान मुलांची गोष्ट वेगळी," पराग म्हणाला. "त्यांच्या वतीने आईबाप विश्वस्त म्हणून वागतात. मोठ्या माणसाला विश्वस्त नसतो. तो स्वतःचा मालक. त्याच्या शरीराला, त्याच्या कमाईला त्याच्या होकाराशिवाय कुणी हात लावायचा नाही. हा कायदा कुठल्या सरकारने केलेला नाही अन्वर, तो निसर्गाचा आहे. बाकीचे कायदे म्हणजे कुणीतरी कुणावर केलेली दादागिरी."

"आणि आजारी माणूस?"

"आजारी माणूसही मोठाच असतो."

"वा! निसर्गात आजारी माणूस पडून राहतो आणि कोल्हे येतात."

"कोल्ह्यांना जरा थांबायला सांगा," स्वयंपाकघरातून मंजिरी म्हणाली. "वाल अजून शिजायचेत. तुमचं चालू द्या तोवर."

मंजिरी परागची बायको. तिच्या हातचं वालाचं बिरडं खायला अन्वर तापात असला तरी आला असता, आणि ते तिला ठाऊक होतं. सकाळपासून ती सोललेल्या वालांपाशी उभी होती.

आता कुणी म्हणेल, दोन म्हाताऱ्यांनी जेवणाआधी काय वाटेल ते बरळावं, कुणाचं काय जातं? खरं आहे. पुण्यात किंवा सांगलीत बसून बरळले असते तर काहीच गेलं नसतं. पण हे दोघं बसले होते कासारसड्यावर, आणि तिथे परागचं बरळणं हाच कायदा होता.

कासारसडा ही सह्याद्रीच्या माथ्यावरची सनदी वसाहत. पोलीस नाही, कोर्ट नाही, कर नाही. रस्तेसुद्धा कुणाकुणाच्या मालकीचे. राहायला येणारा प्रत्येक जण राजीखुशीने सनदेवर सही करून येई, आणि ती सनद लिहिली होती न्यायशास्त्राच्या ह्या निवृत्त मास्तराने. पोलीस नव्हते कारण त्यांची गरजच नव्हती. प्रत्येकाच्या कानामागे, हाडात बसवलेली, मसुराच्या डाळीएवढी एक चकती होती. तिला रेषा म्हणत.

रेषेचं काम समजायला फार अवघड नाही. आपण हात उचलतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूत त्या हालचालीची जुळवाजुळव सुरू होते. एक बारीक विद्युतलहर उठते, मग हुकूम मज्जारज्जूतून खाली उतरतो, मग बोटं हलतात. ती लहर टिपता येते हे ज्ञान जुनंच. नवी गोष्ट एवढीच, की कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा झोत नेमक्या त्या पेशींवर टाकला तर लहर जागच्या जागी विझते. दुखत नाही, झटका बसत नाही. हात पुढे करायला जावं आणि तो होऊ नये, इतकंच. प्रत्येकाची रेषा आजूबाजूच्या रेषांना सांगत असते, की माझ्या अंगाची, माझ्या वस्तूंची हद्द ही, आणि माझा होकार अमक्यालाच आहे. नवराबायको, मित्र, डॉक्टर यांना कायमचा होकार देऊन ठेवता येई. तोंडाने नाही म्हटलं की तो होकार तिथल्या तिथे थांबे, आणि ज्याने नाही म्हटलं त्यानेच हो म्हणेपर्यंत थांबलेलाच राही.

याची फळंही दिसत होती, ते नाकारून चालणार नाही. वसाहत उभी राहिल्यापासून तिथे एकाही बाईच्या अंगाला तिच्या मनाविरुद्ध कुणाचा हात लागला नव्हता. असं दुसरं गाव दाखवा.

चाचण्यांच्या वेळी इंजिनियर लोक एक गंमत घेऊन परागकडे आले होते. त्यांच्या लक्षात आलं होतं, की आपली माणसं नाही म्हणतात तेव्हा पुष्कळदा आतून हो असतं. पाहुणा चहाला नको म्हणतो आणि त्याच्या मेंदूत कप उचलायची लहर उठलेली असते. "सर, रेषेला आतलं वाचता येईल," ते म्हणाले. "खरा नकार कुठला, शिष्टाचाराचा कुठला, ती ओळखेल." परागने त्यांना अक्षरशः हाकलून लावलं. माणसाच्या मनात डोकावणं ही घरफोडी आहे, बोललेला शब्द तेवढा खरा धरायचा, असं त्याने सनदेत लिहिलं. शिवाय आणखी एक कलम घातलं. एकाच गोष्टीला तीनदा नकार आला, की चौथ्यांदा विचारायचं नाही. कुणी विचारू गेलं तर त्याची जीभ उचलणार नाही.

त्या कलमाची अन्वरने कायम टर उडवली. "जावईबापूंना सासुरवाडीत कुणीतरी फार श्रीखंड चारलेलं दिसतंय!" पण कलमाच्या मागे काय आहे हे त्यालाही माहीत होतं, आणि ते माहीत असल्यामुळे तो टर एका हद्दीपलीकडे नेत नसे. परागच्या मोठ्या बहिणीला, वीणाताईला, एक स्थळ आलं होतं. ती नको म्हणाली. घराने समजूत घातली. ती पुन्हा नको म्हणाली, आणि पुन्हा. "तिच्या मनात आहे हो, लाजतेय," असं वडील सगळ्यांना सांगत सुटले. चौथ्यांदा विचारलं तेव्हा ती गप्प राहिली आणि घराने पेढे वाटले. दोन वर्षांत तिला सासरहून आणलं ते चादरीत गुंडाळून. पराग तेव्हा शाळेत होता. आग्रह ही हिंसा आहे, हे वाक्य त्याने पुढे शेकडो व्याख्यानांत म्हटलं, पण ते कुठल्या ग्रंथातून घेतलं नव्हतं.

तर त्या रविवारी वाद नेहमीपेक्षा लांबला. अन्वर म्हणत होता, की माणूस आधी कुणाच्या तरी कुशीत असतो आणि मग स्वतःचा मालक होतो, तेव्हा निसर्गाचा कायदाच काढायचा असेल तर तो कुशीपासून काढ. पराग म्हणत होता, की कुशीच्या नावाखालीच जगातले सगळे हुकूमशहा आले. दोघंही रंगात आले होते. मंजिरी दोनदा दारात येऊन गेली. "वाढू का?" तिने विचारलं. "दोन मिनिटं," पराग म्हणाला, आणि ती परत गेली.

तिला मधुमेह होता. जेवणाआधीचं इन्सुलिन तिने ठरल्या वेळी टोचून घेतलं होतं. त्यानंतर पोटात अन्न जायला हवं हे काय तिला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण पाहुणा जेवायचा असताना आपण घास कसा मोडायचा? कासारसड्यावर ज्याने त्याने आपलं बघावं अशी रीत होती, पण मंजिरी काही सनद पाठ करून जन्माला आली नव्हती. ती आपली कढईपाशी उभी राहिली.

शेवटी ताटं आली. अन्वरने बिरड्याचा वास घेऊन डोळे मिटले. मंजिरीने डाव उचलला आणि बिरडं त्याच्या ताटात न वाढता ताटाशेजारी टेबलावर वाढलं.

"वहिनी?"

"काय हो?" ती म्हणाली. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. दुसरा डावही तिने टेबलावरच वाढला.

अन्वर खुर्चीवरून उठला. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस, त्याला आणखी काही बघावं लागलं नाही. "वहिनी, खाली बसा बघू. साखर उतरलीय तुमची. नाडी बघू द्या."

"नाडी कसली बघताय भावजी? नको नको. तुम्ही आधी जेवा. गार होतंय."

अन्वरचा हात तिच्या मनगटाच्या वीतभर अलीकडे थांबला आणि खाली आला.

"पराग," तो हळू आवाजात म्हणाला, "साखर आण. तोंडात घाल तिच्या. लगेच."

पराग साखरेचा डबा घेऊन आला. मंजिरी खुर्चीच्या पाठीला धरून डुलत होती. तो तिला सावरायला गेला तर ती हसली. "धरू नकोस रे, मी काय म्हातारी झालेय? बसते ना माझी मी." आणि बसली. त्याचा हात कोपरापासून मेल्यासारखा झाला. त्याने डबा तिच्यापुढे ठेवला.

"मंजू, चमचाभर साखर खा."

"नको. तू जेव आधी."

"अगं, ऐक. औषध म्हणून खा."

"नको म्हटलं ना. तुमचं दोघांचं होऊ दे, मग मी बसते."

पराग नकार मोजत होता. दोनदा झालं होतं. आता एकच. त्याने जमिनीवर गुडघे टेकले, तिच्या डोळ्यांत बघितलं. डोळे त्याच्याकडे होते पण नजर कुठे भलतीकडेच होती. "मंजू, नीट ऐक. साखर घेतली नाहीस तर तुला धोका आहे. फक्त हो म्हण. हो म्हणशील?"

मग तिच्या ओठांवर ते तिचं पाहुण्यांसमोरचं हसू आलं. "नको रे," ती म्हणाली, "उगाच कुणाला त्रास नको."

त्याने तोंड उघडलं. त्याला पुन्हा तेच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. तोंडात जणू दुसऱ्या कुणाची जीभ ठेवली असावी तसं झालं.

अन्वरने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. "वहिनी, मी पाहुणा ना? मग माझ्यासाठी घ्या." नको. "तुम्ही घेतल्याशिवाय मी घास घेणार नाही." असं काय करता भावजी, नको. "मला हो म्हणा, एकदाच." नको. तिन्ही नकार गोड आवाजात आले, आणि त्याचीही जीभ अडली.

आता मंजिरीचं डोकं खुर्चीच्या पाठीवर कललं होतं. परागने चमचा भरून तिच्या तोंडाशी न्यायचा प्रयत्न केला, हात वाटेतच पडला, साखर जमिनीवर सांडली. त्याने दुसरा चमचा भरला. तिच्या तोंडाशी जात नाही ना, मग स्वतःच्या तोंडाशी नेला. असं खायचं, असं, तिला दाखवायला. तो साखर खाऊ लागला. तिने अर्धवट डोळ्यांनी बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. घरचं माणूस जेवायला बसलं होतं.

"छान झालंय ना?" ती पुटपुटली. मग तिचे डोळे मिटले.

अन्वरने पायथ्याच्या दवाखान्याला फोन लावला होता. गाडी निघत होती, पण वर यायला वेळ लागणार होता, आणि वेशीवर बाहेरच्या माणसांच्या डोक्याला पट्टा बांधत. पट्टा म्हणजे रेषाच, फक्त वरून बांधलेली. वेशीवरच्या पोऱ्याने फोनवर नम्रपणे सांगितलं, की पट्टा काढायचा अधिकार कुणालाच नाही, तशी सनद आहे.

"तिचं हृदय आधीच अधू आहे," अन्वर म्हणाला. बोलायला त्याला बंदी नव्हती, मंजिरीला विचारायला बंदी होती. "साखर इतकी खाली गेली की ते ठेका चुकतं. तेवढा वेळ नाहीये आपल्याकडे. माझी रेषा मला काढता येत नाही. पण तुझी मी काढू शकतो. तुझं शरीर तुझं, तू हो म्हण. चीर देतो, हाडातून उपसतो. पाच-दहा मिनिटांचं काम. दुखेल भयंकर."

असं काही समोर आलं तर माणसाने ताडकन हो म्हणावं, नाही का? बाहेर बसून आपल्याला तसं वाटतं. पराग ताडकन हो म्हणाला नाही.

त्याला मरणाची भीती वाटली असं नाही. दुखण्याचीही नाही. त्याला वाटलं, हिने मला तीनदा नको म्हटलंय. मला माहीत आहे की तिच्या मनात तसं नाही. तीस वर्षं मी हिचं नको ऐकत आलोय आणि त्यातलं कुठलं हो आहे ते मला झोपेत कळतं. पण हेच तर वडील म्हणाले होते. तिच्या मनात आहे, मला कळतं. त्यांनाही अगदी खात्रीच होती. आज मी हिचं नको पायाखाली घातलं तर वीणाताईच्या नकोला काय किंमत उरली? सनदेवर सह्या केलेल्या त्या सगळ्या बायकांच्या नकोला काय उरली? आणि खरंच, खरंच हिला नको असेल तर?

तो मंजिरीकडे बघत राहिला. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. टेबलावर सांडलेलं बिरडं गार होऊन त्यावर तेलाची साय धरली होती.

"पराग!" अन्वर ओरडला. "तुझ्या बहिणीला कुणी ऐकलं नाही म्हणून ती मेली. हिला तू नुसतं ऐकतोयस म्हणून ही मरेल. आता वाद घालू नकोस माझ्याशी. आयुष्यात एकदा हर!"

"काप," पराग म्हणाला.

त्याने टेबलावर डोकं टेकलं. अन्वरने सुरी गॅसवर धरून घेतली आणि कानामागे चीर दिली. पराग ओरडला, पण हलला नाही. गरम रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. तेवढ्यात त्याने उजवा हात मंजिरीच्या दिशेने लांब केला आणि तसाच धरायचा प्रयत्न करू लागला. हात पुन्हा पुन्हा पडत होता, तो पुन्हा पुन्हा उचलत होता. रेषा निघाली की त्याच क्षणी कळावं म्हणून. सुरी आत खुपत गेली. हात पडला. त्याने उचलला. हात पडला. त्याने उचलला.

आणि हात गेला. सरळ पुढे गेला आणि तिच्या दंडावर टेकला. तिचा दंड, मऊ, ओळखीचा, अजून घामाने ओला.

"सुटला!" पराग किंचाळला. "अन्वर, सुटला! निघाली!" त्याने सुरीखालून डोकं काढून घेतलं, मान रक्ताने भरलेली, आणि डब्यातून मूठभर साखर घेतली. तिचं डोकं मांडीवर घेतलं, ओठ उघडले, दातांमागे साखर चोळली. त्याला रडू येत होतं आणि तो हसत होता. "घे मंजू. घे. बघ, काही त्रास नाही कुणाला. घे."

अन्वर सुरी हातात धरून तसाच उभा होता.

"पराग," तो म्हणाला.

"पाणी दे थोडं, साखर विरघळली पाहिजे."

"पराग, मी अजून हाडापर्यंत पोचलो नव्हतो. तुझी रेषा जागेवर आहे." त्याने वाकून मंजिरीच्या मनगटाकडे हात नेला. हात वीतभर अलीकडे थांबला आणि खाली आला. "माझा हात अजून चालत नाही. एकट्या तुझाच चालतो."

सनद परागने लिहिली होती. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. थांबलेला होकार तोंडाने हो म्हटल्याशिवाय परत येत नाही, आणि मंजिरीचे ओठ हलले नव्हते. एकट्या त्याचाच सुटला होता, याचा अर्थ तिच्याकडून आता होकार नव्हता आणि नकारही नव्हता. माणूस गेला की त्याच्या अंगावर त्याची मालकी राहत नाही, ती वारसाकडे जाते, आणि मूलबाळ नसलेल्या मंजिरीचा वारस एकटा तोच होता. रेषा माणसाला दुसऱ्या माणसापासून अडवते. स्वतःच्या मालकीच्या वस्तूपासून ती कशाला अडवील?

"मला बघू दे तिला," अन्वर म्हणाला. "परवानगी दे. आता ती तुझीच लागते."

परागने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याने पुन्हा चिमूटभर साखर घेतली आणि तिच्या ओठांना लावली.

"घे ना गं," तो म्हणाला. "एवढीच. माझ्यासाठी. घेशील ना? घे ना." चौथ्यांदा, पाचव्यांदा, पुन्हा पुन्हा तो विचारत राहिला, आणि त्याची जीभ एकदाही अडली नाही.